वाघमुखी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्रसेनजीत ज्या टेबलावर नकाशे काढायचा, तिथं त्या आकाराला समलंब चौकोन म्हणत. समोरासमोरच्या दोन बाजू एकमेकींना समांतर, पण एक लांब आणि एक आखूड. बस्स, एवढंच. क्षेत्रफळ काढायचं, नकाशावर आकडा टाकायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. ह्या शब्दानं आजवर कुणाची झोप उडवलेली नाही. पण त्याच आकाराला मातीत राबणाऱ्या माणसांनी दुसरं एक नाव ठेवलेलं आहे, आणि त्या नावानं प्रसेनजीतच्या आईच्या, म्हणजे तानूबाईच्या घरात जो उच्छाद मांडला त्याची ही हकीकत.

तानूबाईला ते नाव नवीन नव्हतं. ती मूळची आजऱ्याकडची. पोरवयात काजू फोडून फोडून तिच्या बोटांची कातडी तेलानं भाजून काळी पडली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा नवरा केरबा फौंड्रीत साचे करायला होता आणि एकट्याच्या पगारात भागायचं नाही, म्हणून ती बांधकामावर घमेली उचलू लागली. तिथं गणपतराव म्हणून एक वयस्कर गवंडी होते. तोंडानं फटकळ, पण मनानं नितळ. नवी जागा बघितली की पाया आखायच्या आधी ते लांबूनच सांगायचे, ‘ही गोमुखी, ही वाघमुखी.’

एकदा जेवणाच्या सुट्टीत तानूबाईनं विचारलंच, “मामा, वाघमुखी म्हंजे काय वो?”

“अगं, गाईचं तोंड कसं असतंय? निमुळतं. आणि मागं अंग रुंद. जागा तोंडाला बारकी आणि मागं पसरल्याली असली की ती गोमुखी. वाघाचं उलटं. जबडा ह्यो एवढा, आणि मागं कंबार बारीक. पुढनं रुंद, मागनं निमुळती, ती वाघमुखी.”

“मग ती वाईट?”

“वाईट कशानं? दुकानाला चांगली म्हणत्यात, गिऱ्हाईक आत वडून घेती. ऱ्हायाला गाय बरी म्हणत्यात. म्हणत्यात हां! मला इटा किती लागतील त्येवढंच कळतंय.” एवढं बोलून गणपतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय संपला.

खरं म्हणजे त्या शब्दाचा जन्म असाच, भाकरी खाता खाता झाला असणार. ज्यांना जमिनीचा आकार दुसऱ्याला तोंडी सांगायचा होता आणि ज्यांच्या हातात पट्टी नव्हती की कंपास नव्हता, त्यांनी डोळ्यासमोरची जनावरं धरली. कुणाला घाबरवायला कुणी हे नाव ठेवलं नसेल. पण वाघाचं नाव घेतलं की आज ना उद्या भीती मागून येतेच, आणि एकदा आली की ती सहजासहजी निघून जात नाही.

केरबानं स्वतःची जागा घेतली ती मात्र ना गाय ना वाघ, सरळ चौरस होती. कागल रस्त्याच्या बाजूला, गावाच्या टोकाला, गुंठेवारीतली. पुढं रस्ता, मागं बसलिंगाप्पांचं घर. बसलिंगाप्पा लिंगायत, मूळचे सीमेकडचे, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. त्यांना रस्त्यावर यायला केरबाच्या कंपाउंडला लागून एक बोळ होता. सायकल जायची, डोक्यावर पोतं घेऊन माणूस जायचा. बोळ सरळ जाऊन मागं बसलिंगाप्पांच्या दारापाशी एकदम काटकोनात वळायचा, आणि तिथं केरबाच्या भिंतीचा मागचा कोपरा पुढं आलेला होता.

शेजार होता, पण बेताचा. बसलिंगाप्पांची बायको दानम्मा तशी वाईट नव्हती. चहा द्यायची. पण केरबाचं घर बौद्धांचं, म्हणून तो चहा तानूबाईला दारातच, वेगळ्या कपातून मिळायचा. तानूबाई तो कप विसळून उंबऱ्यावर ठेवायची आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच आदळायची. केरबा म्हणायचा, “आगं, चहा कशाला पितीस मग?” ती म्हणायची, “न्हाय म्हटलं तर आणखी लांब जातील म्हणून पितो.” कोल्हापूरच्या बायका बोलताना स्वतःला पुरुषासारखंच ‘करतो, जातो, पितो’ म्हणतात, तानूबाईही तशीच बोलायची.

नव्वद साल उलटल्यावर बसलिंगाप्पांचे वडील गेले. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. अंग आखडायच्या आत मांडी घालून भिंतीशी बसवतात, कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, गळ्यात हार. दिवसभर माणसं येऊन पायाशी बसतात, भजनं म्हणतात. जणू घरातला वडीलधारा सगळ्यांचा निरोप घ्यायला बसला आहे. मग बांबूचं, केळीच्या खुंटांचं विमान सजवून त्यात तसंच बसवून खांद्यावरून नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. म्हाताऱ्यांचं सगळं रीतसर झालं. विमान खांद्यावर आलं, हलगी घुमली आणि दारातून निघून दहा पावलांवर मिरवणूक अडली. विमानाचे लांब दांडे वळणावर फिरेनात. मागं घेतलं, पुढं घेतलं, दांडे भिंतीला घासले. बसलेल्या माणसाला तिरकं करता येईना. आत म्हाताऱ्यांची मान एका बाजूला कलली, तशी दानम्मानं किंकाळी फोडली.

केरबा आपल्या दारात उभा राहून बघत होता. तो आत गेला, पहार घेऊन आला आणि कुणाला काही न विचारता त्यानं आपल्या भिंतीचा कोपरा फोडायला घेतला. फौंड्रीतला गडी, हाताला जोर होता. विटा आत पडल्या, वाट मोकळी झाली आणि विमान केरबाच्या अंगणातून, तानूबाईच्या धुण्याच्या दगडावरून वळण घेऊन ताठ बाहेर पडलं.

पुढं केरबानं भिंत परत बांधली ती जुन्या रेषेवर नाही. पुढचा कोपरा तिथंच ठेवून त्यानं मागचा कोपरा चार हात आत घेतला आणि दोहोंमधून तिरकी भिंत ओढली. भिंतीलगतचं तानूबाईचं कढीपत्त्याचं झाड बोळात गेलं. फौंड्रीतल्या दोस्तांनी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, “अरं, माणूस बसून जातोय तिथनं. ऱ्हाऊ दे की.” आणि बसलिंगाप्पांना म्हणाला, “अप्पा, भिंत आता कायम हितंच. तुमच्या घरचं माणूस परत अडायचं न्हाय.”

त्या दिवसापासून वेगळा कप गेला. दानम्मा तानूबाईला ‘तानव्वा’ म्हणू लागली, सणाला पुरणाची पोळी घेऊन सरळ स्वयंपाकघरात येऊ लागली. कढीपत्ता दोन्ही घरं तोडू लागली. तानूबाईला वाटायचं, चार हात जागा गेली खरी, पण त्या जागेतून काय काय आत आलं!

केरबा काही फार जगला नाही. फौंड्रीची धूळ छातीत बसली आणि खोकता खोकता पंच्याण्णव साली तो गेला. प्रसेनजीतला तोवर आयटीआय करून कागलला नोकरी लागली होती. सून आणली, श्रुती. गुणी पोर. तिला दिवस गेले, पुरे दिवस भरले आणि बाळ जन्मलं ते निपचित. डॉक्टरांनी हात धुता धुता सांगितलं, “असं होतं कधीकधी.” कधीकधी म्हणजे काय, आणि आपल्याच घरी का, हे कोण कुणाला विचारणार? श्रुती घरी आली ती मुकी होऊन. प्रसेनजीत कामावर जायचा, यायचा, जेवायचा. घरात तिघं माणसं आणि तिघंही एकेकटी.

नंतर बऱ्याच दिवसांनी श्रुतीला पुन्हा दिवस गेले. आनंद व्हायचा तिथं घराला धडकीच भरली. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती. आणि नेमक्या त्याच दिवसांत प्रसेनजीत एका संध्याकाळी घरी आला, चपला काढायच्या आधीच म्हणाला,

“आई, कंपनीत आज एक वास्तूवाला आलता. नव्या शेडची दिशा बघायला सायबानं बोलावलंतं. त्येला नकाशे दावायचं काम माझ्याकडं.”

“मग?”

“जाताजाता मी आपल्या जागंचं इच्यारलं. टेबलावर बोटानं काढून दावली. पुढनं एवढी, मागनं एवढी. त्यो बघतच ऱ्हायला. म्हणला, ही वाघमुखी. ऱ्हात्या घराला चालत न्हाय. घरातली माणसं वडून घेती. पयला कर्ता, मग लेकरू.”

तानूबाईच्या हातातली परात तशीच राहिली. पण ती काही लेचीपेची बाई नव्हती. तिनं विचारलं, “तुझं आबा गेल्याचं आणि बाळाचं तू त्येला आधी सांगिटलंस का त्येनं तुला?”

प्रसेनजीत चिडून म्हणाला, “कुणी का सांगंना. खोटं हाय का?”

“प्रसेनजीत, तुझ्या आबांनी कवा गंडा बांधला न्हाय का दोरा बांधला न्हाय. बाबासाहेबांच्या फोटूखाली हुबा ऱ्हाऊन तू ही भाषा बोलतोस?”

“गंडादोरा कोण म्हणतंय? ही भूमिती हाय, आई.”

“भूमितीत वाघ कवापास्नं आला रं?”

ह्यावर त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तो खाली बसला आणि शाळेतल्या पोरासारखा बोटांवर मोजत बोलू लागला. जागा घेतली तेव्हा चौरस होती. सगळं बरं चाललं होतं. भिंत तिरकी झाली, जागेला वाघाचं तोंड आलं, आणि मग आबांचा खोकला सुरू झाला. मग आबा गेले. मग बाळ गेलं. आबांनी चांगुलपणा केला, पण त्या चांगुलपणातूनच वाघ घरात घेतला.

“तुझ्या आबांना फौंड्रीच्या धुळीनं खाल्लं,” तानूबाई म्हणाली.

“आणि बाळाला?”

ह्या प्रश्नाला तानूबाईकडं उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडंही नव्हतं. आणि खरी गोम इथंच होती. वास्तूवाल्याकडं निदान एक उत्तर तरी होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी कुणाच्या डोळ्यात जाते हे बुडता बघत बसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून श्रुती घराच्या मागच्या अंगाला जाईना. स्वयंपाकघर मागं, म्हणजे जागा जिथं निमुळती होते तिथं. तिनं स्टोव्ह पुढच्या खोलीत आणला, पाण्याची घागर पुढं आणली. तानूबाईनं दोनदा स्टोव्ह उचलून मागं ठेवला, दोनदा तो परत पुढं आला. भांडण नाही, तंटा नाही. बोलली असती तर बरं, असं ते दुखणं होतं.

प्रसेनजीतनं उपायही आणला होता. उपाय सोपा होता, म्हणूनच भयंकर होता. तिरकी भिंत पाडायची आणि जुन्या रेषेवर सरळ बांधायची. जागा आपलीच, कागदावर आपलीच. केरबानं लिहून काही दिलेलंच नव्हतं.

“आणि अप्पांचं घर?” तानूबाईनं विचारलं.

“येत्यात-जात्यात तेवढी वाट ऱ्हातीच की. आधी तेवढीच हुती.”

“आणि कुणी गेलं म्हंजे?”

“आई, गेलेल्या माणसाची वाट बघायची का येणाऱ्या लेकराची?”

तानूबाईनं नाही म्हटलं. स्पष्ट नाही म्हटलं. “तुझ्या आबांनी शब्द दिलाय. त्यो मोडायचा तर मी मेल्यावर मोड.” प्रसेनजीतनं कागलला भाड्याची खोली बघायला सुरुवात केली. म्हणजे एकतर भिंत सरळ होणार, नाहीतर पोरगा, सून आणि पोटातलं लेकरू जाणार. तानूबाई धुण्याच्या दगडावर बसून त्या तिरक्या भिंतीकडं बघत बसायची. भिंतीच्या वरच्या थरात एका विटेवर केरबाच्या अंगठ्याचा ठसा होता, ओल्या सिमेंटात उठलेला. शहाणी बाई, पण तीही त्या ठशाला मनातल्या मनात विचारायची, ‘तुम्हीच सांगा, काय करू?’

सहाव्या महिन्यात श्रुतीच्या पोटात कळा आल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, हलायचं नाही म्हणून सांगितलं. तानूबाई उशाशी बसली होती. श्रुतीनं तिची ती काळी बोटं धरली आणि म्हणाली, “आत्ती, मला काय बी कळत न्हाय, खरं-खोटं. तेवढी भिंत सरळ करा. मला तिथं भ्या वाटतंय.”

तेव्हा तानूबाईच्या मनात काय आलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. खरी गोष्ट अशी की तिलाही भीती वाटली. बाहेर कुणाच्या अंगात आलं तर त्याला झोडणारी, लिंबू-मिरची पायानं उडवणारी ही बाई, पण त्या पांढऱ्या खाटेशी बसून तिला वाटलं, गणपतराव ‘म्हणत्यात’ म्हणाले होते, पण उगीच कशाला म्हणत असतील लोक? त्या क्षणी वाघ तिच्याही मनात शिरला. बाहेर येऊन तिनं प्रसेनजीतला एकच शब्द सांगितला, “बांध.”

विटा आल्या त्या दिवशी बसलिंगाप्पा स्वतः आले. आता थकले होते, काठी टेकत चालायचे. ते विटांच्या ढिगावरच बसले. तानूबाईला त्यांच्याकडं बघवेना.

“तानूबाई, पोरगं सरळ करून घेतंय म्हणं भिंत. बरं करतंय.”

“अप्पा, मला...”

“अगं, मान खाली कशाला घालतीस? लेकराचा जीव मोठा का माझं मढं मोठं? मी पोरांना सांगून ठेवलंय. मला आडवा न्या म्हणून. तसाच उचला, रस्त्यावर न्या, तिथं बसवा. बसलो काय, आडवा झालो काय, मला कुठं कळणार हाय!” आणि ते मोठ्यानं हसले. हसता हसता ठसका लागला. तानूबाईनं पाणी आणलं. पाणी पिऊन ते उठले, जाताना तिरक्या भिंतीवर तळहात टेकून जरा थांबले आणि काठी टेकत बोळातून निघून गेले.

भिंत सरळ झाली. ठसा असलेली वीट त्या ढिगाऱ्यात कुठं गेली ते तानूबाईनं शोधलं, सापडली नाही. कढीपत्त्याचं झाड पुन्हा तिच्या अंगणात आलं. तिनं एक दिवस दोन डहाळ्या भिंतीवरून पलीकडं धरल्या आणि हाक मारली, “अक्का!” पलीकडून दानम्माचा आवाज आला, “असू दे तानव्वा, बाजारातनं आणलाय.” डहाळ्या तशाच तिच्या हातात राहिल्या.

आणि श्रुती सुखरूप बाळंत झाली. मुलगी. नाव ठेवलं शिवानी. गुटगुटीत, रडकी, दूध ओढून पिणारी. प्रसेनजीत चार लोकांत सांगू लागला, “भिंत सरळ केली आणि फरक बघा.” तानूबाई नातीला तेल लावताना तिच्या पायांच्या वळ्या मोजायची, आणि तिलाही वाटायचं, कोण जाणे, असेलही. लेकराच्या हसण्यापुढं बाकी कुणाचा हिशोब कोण करतो?

शिवानी रांगू लागली त्या उन्हाळ्यात बसलिंगाप्पा गेले. सकाळी देवपूजा करता करता मागं कलंडले ते उठलेच नाहीत. रडण्याचा आवाज ऐकून तानूबाई धावली. दानम्माची मुलं घाईला आली होती, कारण अंग आखडायच्या आत बसवायला हवं होतं. आणि घरात बसवलं तर मग बाहेर काढायचं कसं? विमान वळणार नव्हतं. बसलेला माणूस आडवा करता आला नसता.

चौघांनी त्यांना चादरीत उचललं. आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तसं, चादरीची टोकं धरून, बोळातून आडवं नेलं. नव्या भिंतीला अंग घासू नये म्हणून थोरला मुलगा पाठ भिंतीला लावून चालत होता आणि त्याचा सदरा विटांवर खरडत होता. रस्त्याच्या कडेला, तानूबाईच्या दारासमोर, दोन बांबूंवर कापड ताणलं होतं. त्याखाली बसलिंगाप्पांना बसवलं. त्यांच्या स्वतःच्या घराची भिंत त्यांच्या पाठीला मिळाली नाही. रिक्षाच्या सीटचा एक जुना पाठटेका कुणीतरी आणून लावला. विभूती लावली, हार घातला. समोरून एसटी जात होत्या, कागलला सुटलेले कामगार मोटारसायकली हळू करून बघत होते, धुळीचा लोट उठत होता आणि दानम्मा पदरानं नवऱ्याच्या तोंडावरची धूळ पुसत होती. दिवसभर पुसत होती.

तानूबाई दारात उभी होती. दारात उभं राहून बघत राहायची त्या घराची सवय नव्हती. ह्याच दारात केरबा उभा राहिला होता आणि क्षणात पहार आणायला आत वळला होता. तिचे पाय हलले नाहीत. लाज वाटणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. वेगळ्या कपातून चहा पिताना तिला राग आला होता, लाज नव्हती वाटली. लाज वाटायला आपल्या हातून काही व्हावं लागतं.

प्रसेनजीतनं खांदा दिला. घरी येऊन आंघोळ केली आणि जेवला नाही.

क्रियाकर्म उरकलं, पाहुणे गेले, तशी तानूबाई एका दुपारी मागं गेली. दानम्मा तिच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं बाजूला सरकून जागा केली. तानूबाईनं माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर दानम्मानं हातानंच थांबवलं.

“तू काय बोलू नको तानव्वा. त्यांनी स्वतः सांगितलंतं, आडवा न्या म्हणून. त्यांना चाललं. देवमाणूस होता, त्यांना सगळं चालायचं.” तिनं समोरच्या सरळ, नव्या, उभ्या भिंतीकडं बघितलं. “खरं मला चालत न्हाय बघ. मी एवढी मोठ्या मनाची न्हाय. ह्या घरात मी नवरी होऊन आलो, ह्याच घराच्या भिंतीला पाठ लावून मला बसायचं हाय आणि बसूनच जायचं हाय. मामंजी गेले तसं. रस्त्यावर धूळ खात न्हाय. तुला सांगून ठेवतो.”

तानूबाई म्हणाली, “व्हय अक्का.” आणि उठली.

घरी आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपामागं केरबाची पहार उभी होती, टोकाला गंज चढलेली. ती तिनं उचलली. वजन तिच्या आठवणीपेक्षा जास्त होतं. आठवड्याची सुट्टी होती, प्रसेनजीत मागच्या दारात शिवानीला खांद्यावर घेऊन उभा होता.

“आई, काय करतीस?”

ती भिंतीच्या मागच्या कोपऱ्यापाशी गेली, पहार दोन्ही हातांनी धरून तिनं खालच्या थरात घातली. ठिणगी उडाली, सिमेंटची एक कपची निघाली, बाकी काही नाही. पुन्हा घातली. आवाज ऐकून श्रुती बाहेर आली. तिनं भिंतीकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच जुनी भीती आली. तिनं झटकन लेकीला नवऱ्याच्या खांद्यावरून काढून छातीशी धरलं. वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही. लेकीला घट्ट धरून तिथंच, मागच्या दारात उभी राहिली.

प्रसेनजीतचे हात मोकळे झाले होते. ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. तो आईकडं बघत होता, तिच्या धापा टाकणाऱ्या पाठीकडं, घामानं पहारीवरून निसटणाऱ्या त्या काळ्या बोटांकडं. तानूबाईनं तिसऱ्यांदा पहार खालीच घातली आणि वरचा थर किंचित हलला.

“आई,” प्रसेनजीत म्हणाला. “खालनं नगं. वरनं काढ. खालनं काढलीस तर अंगावर यील.”